पिएश्त्यानीचा रद्द सामना

वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक आइस हॉकी अजिंक्यपद स्पर्धा दरवर्षी नाताळ उलटताच सुरू होते आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात संपते. आज कॅनडात या स्पर्धेचे सामने घरोघरी पाहिले जातात. परंतु तिच्या पहिल्या दशकात अटलांटिकच्या त्या किनाऱ्यावर तिची फारशी दखल घेतली जात नव्हती. हे चित्र पालटण्यास ज्या सामन्याचा मोठा हातभार लागला, तो कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात ४ जानेवारी १९८७ रोजी, चेकोस्लोव्हाकियाच्या स्लोव्हाक भागातील पिएश्त्यानी या गावी सुरू झाला, अर्ध्यावर थांबला आणि पुढे रद्द ठरवण्यात आला. वाह नदीच्या काठी वसलेले हे गाव गंधकयुक्त गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी आणि औषधी चिखलाच्या उपचारांसाठी शेकडो वर्षे ओळखले जात होते. क्रीडा-इतिहासात मात्र त्याचे नाव वीस मिनिटे चाललेल्या एका सामुदायिक हाणामारीशी कायमचे जोडले गेले. त्या हाणामारीचा दोष सामान्यतः मैदानावरील मुलांच्या गरम डोक्यांना दिला जातो. घटनाक्रम बारकाईने पाहिला, तर त्या मुलांना तेथवर आणून सोडणाऱ्या प्रौढांच्या व्यवस्थेचा वाटा त्याहून मोठा होता, असे म्हणावे लागते.

ज्या वाचकांच्या मनात हॉकी म्हणजे गवतावरचा किंवा कृत्रिम हिरवळीवरचा खेळ आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. आइस हॉकीत चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात, आणि वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत सामना विभागलेला असतो. बर्फावरील वेग इतका असतो की कोणताही खेळाडू मिनिटभरापेक्षा फार अधिक वेळ पूर्ण ताकदीने खेळू शकत नाही. त्यामुळे उरलेले खेळाडू कडेच्या बाकावर बसलेले असतात आणि खेळ न थांबवता आलटून पालटून आत उतरतात. अंगाने धक्का देऊन प्रतिस्पर्ध्याला अडवणे या खेळात नियमाने मान्य आहे, त्यामुळे त्याच्या मर्यादा सांभाळणे हे पंचाचे सर्वांत कठीण काम ठरते. दोघांची झटापट होणे, विशेषतः उत्तर अमेरिकेत, अनोळखी नाही. परंतु भांडण पाहून बाकावरचे सर्व खेळाडू बर्फावर उतरले, तर ते सामन्याच्या शिस्तीचे संपूर्ण मोडणे समजले जाते, कारण तेव्हा चाळीसच्या आसपास तरुणांपुढे तीन पंच काहीही करू शकत नाहीत.

स्पर्धेची सुरुवात १९७४ साली लेनिनग्राड येथे निमंत्रितांच्या स्पर्धेच्या रूपाने झाली, आणि तीन वर्षांच्या अनौपचारिक आयोजनानंतर १९७७ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने तिला अधिकृत दर्जा दिला. अनौपचारिक तिन्ही स्पर्धा सोव्हिएत संघाने जिंकल्या, आणि अधिकृत दर्जा मिळाल्यावर पहिल्या चारही वर्षी विजेतेपद त्याच्याकडेच राहिले. या वर्चस्वामागे गुणवत्ता होती तशी पद्धतही होती: सोव्हिएत तरुण वर्षभर एकाच पद्धतीने शिकलेले आणि राष्ट्रीय संघ म्हणून एकत्र बांधलेले असत, तर कॅनडा आरंभीच्या काळात राष्ट्रीय संघ न निवडता आपल्या देशांतर्गत कनिष्ठ गटातील विजेता क्लबच पाठवत असे. १९८१ मध्ये कॉर्नवॉल रॉयल्स या क्लबने कॅनडाचे प्रतिनिधित्व केले आणि आठ संघांत सातवे स्थान मिळवले. ज्या देशात हा खेळ राष्ट्राच्या ओळखीचा भाग समजला जातो, तेथे ही गोष्ट फार दिवस सहन होण्यासारखी नव्हती. कॅनेडियन हौशी हॉकी संघटनेचे अध्यक्ष मरे कॉस्टेलो यांच्या पुढाकाराने देशभरातील तीन प्रमुख कनिष्ठ लीगमधून उत्तम खेळाडू निवडून त्यांचा खरा राष्ट्रीय संघ उभा करण्याची योजना आखली गेली, आणि पहिल्याच वर्षी, १९८२ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कॅनडाने प्रथमच विजेतेपद मिळवले. रोचेस्टर शहरातील अखेरच्या सामन्यानंतर राष्ट्रगीताची ध्वनिफीत उपलब्ध नव्हती, तेव्हा खेळाडूंनी ते स्वतःच गायले. १९८५ मध्ये कॅनडाने पुन्हा सुवर्णपदक जिंकले. १९८३, १९८४ आणि १९८६ ही वर्षे सोव्हिएत संघाची ठरली.

या दोन देशांतील स्पर्धा केवळ गुणतक्त्यापुरती कधीच नव्हती. सोव्हिएत खेळाडू कागदावर सैनिक किंवा विद्यार्थी असले तरी प्रत्यक्षात पूर्णवेळ हॉकीच खेळत, आणि कॅनडाच्या व्यावसायिकांना मात्र जागतिक स्पर्धेत प्रवेश नव्हता. या कारणावरून कॅनडाने १९७० ते १९७६ या काळात जागतिक अजिंक्यपद स्पर्धेवर बहिष्कार घातला होता. १९७२ मध्ये दोन्ही देशांच्या सर्वोत्तम खेळाडूंची आठ सामन्यांची मालिका झाली, ती कॅनडाने मॉस्कोतील अखेरच्या सामन्यात शेवटचे मिनिट उरले असताना जिंकली. त्याच मालिकेत कॅनडाच्या बॉबी क्लार्कने सोव्हिएत संघाच्या व्हालेरी खारलामोव्हच्या घोट्यावर मुद्दाम काठी मारली होती, ही गोष्ट सोव्हिएत रसिक विसरले नाहीत. १९७६ च्या जानेवारीत फिलाडेल्फिया येथे अमेरिकन व्यावसायिक क्लबच्या आडदांड खेळाचा निषेध म्हणून मॉस्कोचा लष्करी संघ काही काळ बर्फ सोडून निघून गेला होता. शीतयुद्धाच्या त्या काळात एका पक्षाला दुसरा निर्जीव यंत्रासारखा वाटे, तर दुसऱ्याला पहिला गुंडांचा जमाव. १९८७ च्या संघांतील बहुतेक मुले १९७२ मध्ये जेमतेम चालू-बोलू लागली होती. तरीही ही सारी शिदोरी त्यांच्या पाठीवर लादली गेली होती.

१९८७ ची स्पर्धा २६ डिसेंबर १९८६ रोजी सुरू झाली आणि तिचे सामने ट्रेनचीन, नित्रा, तोपोल्चानी व पिएश्त्यानी या चार स्लोव्हाक गावांत झाले. तेव्हाच्या पद्धतीनुसार उपान्त्य किंवा अंतिम सामना नसे. आठ संघांपैकी प्रत्येक संघ उरलेल्या सातांशी एकदा खेळे, विजयाला दोन व बरोबरीला एक गुण मिळे, आणि अखेरीस गुणांच्या बेरजेवर पदके ठरत. या पद्धतीत एक उणीव होती आणि ती पिएश्त्यानीत उघडी पडली: शेवटच्या दिवशी एका संघासाठी सर्व काही पणाला लागलेले असताना त्याच्यासमोरच्या संघाला गमावण्यासारखे काहीच उरलेले नसू शके. कॅनडाने पहिल्या सहा सामन्यांत स्वित्झर्लंड, पोलंड, अमेरिका व स्वीडन यांना हरवले होते, फिनलंडशी ६–६ अशी बरोबरी केली होती आणि केवळ यजमानांकडून पराभव पत्करला होता. त्याचे नऊ गुण होते, आणि स्वीडनला ४–३ असे हरवलेले असल्यामुळे कांस्यपदक निश्चित होते. फिनलंडचे सातही सामने संपून अकरा गुण झाले होते. सोव्हिएत संघाला हरवले तर कॅनडाचेही अकरा गुण झाले असते. परस्परांतील सामना बरोबरीत सुटलेला असल्याने मग एकूण गोलफरक पाहिला गेला असता, आणि तेथे फिनलंडचा फरक बावीस तर कॅनडाचा अठरा होता. म्हणजे साध्या विजयाने रौप्यपदक आणि पाच गोलांच्या विजयाने सुवर्णपदक, असे ते गणित होते. याउलट सोव्हिएत संघाने सहापैकी केवळ दोन सामने जिंकले होते आणि पदकांच्या शर्यतीतून तो आधीच बाद झाला होता. अशा स्थितीतील संघाला दुखावलेला अभिमान घेऊन आपल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभे करणे धोक्याचे होते, हे ओळखण्यास फार दूरदृष्टी लागत नव्हती.

इशारेही मिळाले होते. याच स्पर्धेत अमेरिका आणि कॅनडा यांच्या सामन्यापूर्वी, सरावासाठी दोन्ही संघ बर्फावर असताना, त्यांच्यात मारामारी झाली होती. तरीही अखेरच्या सामन्यासाठी पंच म्हणून नॉर्वेच्या हान्स रोनिंग यांची नेमणूक झाली. ते दोन्ही गटांच्या राजकारणापासून दूरच्या देशाचे होते हे खरे. पण इतक्या तापलेल्या सामन्याला लागणारा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता. तटस्थता आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आयोजकांनी पहिलीवरच समाधान मानले. कॅनडाचे प्रशिक्षक बर्ट टेंपलटन हे कठोर, अंगावर जाणाऱ्या खेळाचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध होते, आणि त्यांचे साहाय्यक पॅट बर्न्स यांनी पूर्वी पोलीस खात्यात नोकरी केली होती; सोव्हिएत संघाची सूत्रे व्लादिमीर वासिलियेव यांच्याकडे होती. दोन्ही बाजूंना पुढे जगभर गाजलेली नावे होती: कॅनडाकडे थिओरेन फ्लुरी, ब्रेंडन शॅनहन आणि पिएर तुर्जों, तर सोव्हिएत संघाकडे अलेक्झांडर मोगिल्नी, सर्गेई फेदोरोव आणि व्लादिमीर कॉन्स्टान्टिनोव. यांपैकी शॅनहन, तुर्जों, मोगिल्नी व फेदोरोव हे त्या दिवशी केवळ सतरा वर्षांचे होते.

सामना सुरू झाल्यापासूनच काठ्या उंच उठू लागल्या, कोपरे लागू लागले, आणि पंचांच्या शिट्टीला वचक नाही हे दोन्ही संघांच्या लवकरच ध्यानात आले. पहिला गोल फ्लुरीने केला. उंचीने साडेपाच फुटांच्या आसपासचा, पण बर्फावर कोणालाही न जुमानणारा हा मॅनिटोबातील मुलगा गोलनंतर गुडघ्यांवर घसरत गेला आणि हातातील काठी बंदुकीसारखी धरून त्याने सोव्हिएत बाकावर गोळ्या झाडल्याचा अभिनय केला. कृती पोरकट होती, पण अफगाणिस्तानात लढणाऱ्या देशाच्या सैन्याशी निगडित क्लबांतून आलेल्या तरुणांना ती झोंबली असल्यास आश्चर्य नाही. दुसऱ्या सत्राच्या मध्याला कॅनडा ४–२ असा पुढे होता. रौप्यपदक हाती आले होते आणि सुवर्णपदकासाठी आणखी तीन गोलांचा फरक वाढवणे बाकी होते.

त्या सत्राची १३ मिनिटे ५३ सेकंद झाली असताना कॅनडाचा एव्हरेट सॅनिपास आणि सोव्हिएत संघाचा सर्गेई शेस्तेरिकोव एकमेकांवर आदळून भिडले, तर पावेल कोस्तिच्किनने दोन्ही हातांनी काठी फिरवून फ्लुरीवर वार केला. क्षणात बर्फावरील सर्वच खेळाडूंच्या जोड्या लागल्या. येथवरचा प्रसंग पंचांना कदाचित आवरता आला असता. पण तेवढ्यात येवगेनी दाविदोव सोव्हिएत बाकावरून उडी मारून आत आला, त्याच्या पाठोपाठ त्याचे सहकारी उतरले, आणि बाकावरून पाहणाऱ्या कॅनेडियन खेळाडूंनीही मग मागे राहणे नाकारले. आपला एकेक सहकारी दोघा-तिघांच्या तावडीत सापडलेला दिसत असताना सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने नियमपुस्तक आठवून बसून राहावे, ही अपेक्षा न्याय्य असली तरी सोपी नव्हती. कॅनडाचा गोलरक्षक जिमी वेट हा मारामारीपासून दूर राहिला, कारण सामना पुन्हा सुरू झाला तर संघाला त्याची गरज भासेल हे त्याने ओळखले होते. आणि तुर्जोंने बाक सोडला नाही. त्याचा हा निर्णय सहकाऱ्यांना अनेक वर्षे डाचत राहिला. आज मागे वळून पाहता, त्या रात्री त्या दालनात शुद्धीवर राहिलेल्या थोड्यांपैकी तो एक होता आणि त्याबद्दल त्याला दूषण देणे अन्यायाचे आहे.

हातमोजे आणि शिरस्त्राणे बर्फावर विखुरली गेली. कॉन्स्टान्टिनोवने डोक्याची धडक देऊन ग्रेग हॉगुडचे नाक फोडले. स्टेफान रॉय या कॅनेडियन खेळाडूला खाली पाडून दोघांनी मारले. रोनिंग आणि त्यांच्या रेषापंचांनी काही काळ प्रयत्न केला आणि मग ते बर्फ सोडून निघून गेले. अधिकाराची शेवटची खूणही अशी नाहीशी झाल्यावर आयोजकांनी एक विलक्षण उपाय योजला: सभागृहातील दिवे घालवण्यात आले. अंधारात मारामारी आपोआप थांबेल, असा त्यामागील हिशोब असावा. तसे घडले नाही. प्रेक्षक नापसंतीच्या शिट्ट्या वाजवत राहिले, आणि अर्धवट काळोखात कोण कोणाला मारत आहे हेही दिसेनासे झाले. सुमारे वीस मिनिटांनी, दमछाक झाल्यामुळेच, सारे थंडावले.

महासंघाचे अध्यक्ष ग्युंथर झाबेत्स्की यांच्या अधिपत्याखालील अधिकाऱ्यांनी तातडीची बैठक घेतली आणि दोन्ही संघांना स्पर्धेतून बाद करण्याचा ठराव सात विरुद्ध एक अशा मतांनी संमत केला. विरोधातील एकमेव मत कॅनडाचे प्रतिनिधी डेनिस मॅकडॉनल्ड यांचे होते. सोव्हिएत प्रतिनिधीने आपल्याच संघाच्या हकालपट्टीच्या बाजूने मत दिले. ही गोष्ट सर्वांत बोलकी आहे. त्या मताने सोव्हिएत संघाचे काही नुकसान होणार नव्हते, कारण त्याच्या हाती पदक नव्हतेच; कॅनडाचे मात्र निश्चित झालेले पदक गेले. यावरून सोव्हिएत संघाने ठरवून हे घडवून आणले, असा आरोप कॅनडात केला गेला. बाकावरून पहिला उतरलेला खेळाडू सोव्हिएत होता एवढ्यावरून तो आरोप सिद्ध होत नाही. पण समान शिक्षेचा परिणाम समान नव्हता, हे नाकारता येत नाही. कॅनडाच्या संघाला ताबडतोब देश सोडण्यास सांगण्यात आले आणि त्याच रात्री सशस्त्र पहाऱ्यात त्यांची बस सीमेपर्यंत पोहोचवण्यात आली.

कॅनडात हा सामना राष्ट्रीय वाहिनीवरून दाखवला जात होता, आणि रविवारी घरी बसलेल्या प्रेक्षकांनी दिवे जाईपर्यंतचे सर्व पाहिले. वाहिनीच्या टोरोंटोतील स्टुडिओत निवेदक ब्रायन विल्यम्स यांनी मुलांच्या वर्तनाचा कडक शब्दांत निषेध केला, तर माजी प्रशिक्षक डॉन चेरी यांनी त्यांची बाजू घेतली; पुढील कित्येक आठवडे देशातील चर्चा याच दोन टोकांमध्ये फिरत राहिली. टोरोंटो मेपल लीफ्स या क्लबचे मालक हॅरल्ड बॅलर्ड यांनी स्वतःच्या खर्चाने सुवर्णपदके घडवून त्या खेळाडूंना दिली. औदार्य म्हणून हे कौतुकास्पद वाटू शकते, पण खेळाडूंना यातून मिळालेला धडा घातकच होता. महासंघाने मारामारीत सामील झालेल्या खेळाडूंना अठरा महिने आणि प्रशिक्षकांना तीन वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांतून निलंबित केले. खेळाडूंची शिक्षा पुढे अपिलात सहा महिन्यांवर आली. पंचाची निवड करणाऱ्यांना आणि दिवे घालवण्याचा आदेश देणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही. मुलांच्या चुकीचा हिशोब काटेकोरपणे झाला, मोठ्यांच्या चुकीचा मात्र झालाच नाही, आणि या प्रकरणाचा खरा अपुरेपणा येथे आहे.

या गदारोळात फिनलंडवर जो अन्याय झाला त्याची नोंद क्वचितच घेतली जाते. प्रशिक्षक हानू योर्तिक्का यांच्या संघाने सातपैकी पाच सामने जिंकून, एक बरोबरीत सोडवून आणि केवळ एक गमावून देशाचे पहिले कनिष्ठ जागतिक विजेतेपद मिळवले होते; गोलरक्षक मार्कुस केटेररची कामगिरी स्पर्धेतील उत्कृष्ट ठरली होती. रद्द झालेला सामना पूर्ण झाला असता तर कॅनडाने पाच गोलांनी जिंकणे शक्य होते, अशक्यही होते. पण त्या एका शक्यतेमुळे फिनलंडचे सुवर्णपदक नशिबाने पडलेले फळ आहे, असे जे लिहिले गेले, त्यात अकरा गुण मिळवणाऱ्यांच्या श्रमाचा अनादर आहे. चेकोस्लोव्हाकियाला रौप्य आणि स्वीडनला कांस्य मिळाले.

पुढची स्पर्धा नेमकी मॉस्कोत होती. शिक्षा कमी झाल्यामुळे फ्लुरी व हॉगुड, तसेच सोव्हिएत बाजूने मोगिल्नी व फेदोरोव, पुन्हा समोरासमोर आले. फ्लुरी आता कर्णधार होता. १९८८ च्या पहिल्या दिवशी झालेल्या सामन्यात कॅनडाने सोव्हिएत संघाला ३–२ असे हरवले, त्यात वेटची गोलरक्षणातील कामगिरी निर्णायक ठरली, आणि एकही सामना न गमावता कॅनडाने सुवर्णपदक पटकावले. कोणीही बाक सोडला नाही.

पिएश्त्यानीत एकमेकांवर धावून गेलेली मुले काही वर्षांतच एकाच पोशाखात दिसू लागली, ही त्या पिढीच्या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित घडामोड होय. १९८९ च्या मे महिन्यात स्टॉकहोम येथून मोगिल्नी पळून अमेरिकेत गेला आणि बफेलोच्या संघात तुर्जोंचा सहकारी झाला. १९९० मध्ये फेदोरोवनेही तोच मार्ग धरून डेट्रॉइट गाठले. १९९७ मध्ये डेट्रॉइटने व्यावसायिक हॉकीचा सर्वोच्च मान असलेला स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा त्या संघात फेदोरोव, कॉन्स्टान्टिनोव आणि शॅनहन तिघेही होते. विजयानंतर सहाच दिवसांनी झालेल्या मोटार अपघाताने कॉन्स्टान्टिनोवचा खेळ कायमचा संपवला. शॅनहन निवृत्तीनंतर २०११ मध्ये राष्ट्रीय हॉकी लीगच्या खेळाडू-सुरक्षा विभागाचा प्रमुख झाला, आणि कोणत्या धक्क्याला किती सामन्यांची शिक्षा, हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे आले.

स्पर्धेवर झालेला परिणाम मात्र अधिकाऱ्यांच्या अपेक्षेच्या उलट होता. ज्या स्पर्धेचे नाव सामान्य कॅनेडियन प्रेक्षकाला जेमतेम माहीत होते, ती पिएश्त्यानीनंतर नाताळच्या सुटीतील एक महत्त्वाचा विषय बनली. १९९१ मध्ये सॅस्काटून येथे जॉन स्लेनीच्या गोलने कॅनडाने सोव्हिएत संघाला ३–२ असे हरवून सुवर्णपदक जिंकले, तोवर एक खासगी क्रीडावाहिनी या सामन्यांचे प्रक्षेपण हाती घेऊन तिच्याभोवती आपला हिवाळ्याचा कार्यक्रम उभारू लागली होती. सोव्हिएत संघ त्याच वर्षाच्या अखेरीस विसर्जित झाला. स्पर्धेचा साचा बदलण्यास मात्र आणखी काही वर्षे जावी लागली: १९९६ मध्ये बॉस्टन येथील स्पर्धेपासून साखळी सामन्यांनंतर बाद फेरी आणि अंतिम सामना अशी रचना आली, आणि पदकांतून आधीच बाद झालेल्या संघासमोर दुसऱ्याच्या पदकाचा निर्णय लागण्याची, १९८७ मध्ये ज्या स्थितीतून एवढा अनर्थ ओढवला ती, शक्यता त्या रचनेत उरली नाही.